ट्रेक म्हटल्याने तीर्थ बाटत नाही



फाल्गुनातली अष्टान्हिका आटोपली आणि आठवड्याच्या आत आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय एकच होता. माघ संपता संपता एका शनिवार-रविवारी आपल्या गावातल्या चौदा सुना-मुली मांगीतुंगीला जाऊन आल्या आणि जाण्याआधी त्यांनी मोबाईलवर ज्याला त्याला सांगितलं, "आम्ही ट्रेकला चाललोय." झालं! सिद्धक्षेत्राला ट्रेक म्हणता? ट्रॅक पँट घालून वंदना करता? सोबत एकही पुरुष नाही, एकही वडीलधारी बाई नाही? (होती. मी होते. पण मला बहुधा वडीलधारी म्हणून मोजलं नसावं.)

ठराव असा मांडला गेला, की यापुढे समाजातल्या मुलींनी क्षेत्रावर ट्रेक काढू नये, जायचं तर मंडळाच्या यात्रेबरोबरच जावं. भराभर हात वर झाले. माझा झाला नाही. "तुमचं काय म्हणणं आहे?" असं अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. चहाची वेळ झाली होती, सूर्यास्तही जवळ आला होता. म्हणून आता इथे सविस्तर सांगते. पटलं नाही तर खुशाल भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

माझा मुद्दा एवढाच आहे. ट्रेक म्हटल्याने तीर्थ बाटत नाही. बेपर्वाईने बाटतं. आणि ती बेपर्वाई मी त्या चौदा जणींपेक्षा आपल्यात जास्त पाहिली.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी फाल्गुनातच मंडळाची यात्रा मांगीतुंगीला गेली होती. मी बी.कॉम., म्हणून मंडळाचा हिशेब कायम माझ्या गळ्यात. त्या यात्रेचं प्रत्येक बिल माझ्या वहीत आहे. यंदा मुलींबरोबरही मीच होते. एकच डोंगर, एकच ऋतू आणि दोन गट. जमाखर्च मांडायला याहून चांगली सोय कुठली?

ज्यांनी क्षेत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मांगीतुंगी नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, ताहाराबादच्या पुढे आहे. पायथ्याला भिलवाड गाव. मांगी आणि तुंगी हे दोन सुळके, दोन्ही चार हजार तीनशे फुटांच्या वर, आणि मध्ये खिंड. राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्व्याण्णव कोटी मुनी इथून मोक्षाला गेले, अशी आपली श्रद्धा. कड्यात कोरलेल्या गुंफा, गुंफांत आणि उघड्या कातळावर कोरलेल्या मूर्ती. गणिनी आर्यिका ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने याच डोंगराच्या अखंड कातळात भगवान ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती घडली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिचं पंचकल्याणक झालं. जुन्या गुंफांपर्यंत जायला हजारो पायऱ्या आहेत. माघ-फाल्गुनात गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, पळसाला पानं नसतात, नुसती केशरी फुलं असतात. पहाटे गारठा आणि दहा वाजता डोक्यावर ऊन.

आता पहिल्या खात्याकडे येते.

गेल्या वर्षी आम्ही सेहेचाळीस जणी होतो. रात्रभराचा बसप्रवास. शोधाचंच जेवण हवं, म्हणून भांडी, शिधा, दोन गॅस शेगड्या सोबत. म्हणजे स्वयंपाकालाही आमच्यातल्याच बायका. मी आणि आणखी तिघी धर्मशाळेत राहिलो. "तुझे गुडघे दुखतात ना, तू खालीच थांब," असं मला प्रेमाने सांगण्यात आलं. गुडघे दुखतात म्हणून डोंगर नको, पण सेहेचाळीस जणींच्या पोळ्या चालतात! दुसऱ्या दिवशी सकाळी वरून निरोप आला, की नाश्ता निम्म्या वाटेवर पाठवा. मग दुखऱ्या गुडघ्यांनी मी पोह्यांचे डबे घेऊन निम्मा डोंगर चढले. डबे पोचवले आणि रिकामे डबे घेऊन परत उतरले. दर्शन झालंच नाही. क्षेत्रावर जाऊन क्षेत्र न पाहता आले.

पण निम्म्या वाटेवर जे पाहिलं तेही पुरेसं होतं. पोह्यांच्या थर्माकोलच्या ताटल्या वाळक्या गवतात गेल्या. पाण्याच्या बाटल्यांचे अकरा बॉक्स आम्ही घेतले होते, बिल माझ्याकडे आहे. अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या पायऱ्यांच्या कडेला रांगेत उभ्या. एकीने चहासाठी शेगडी वर आणवली होती, ती गवताला लागून पेटवलेली. वारा होता. मी ओरडले तेव्हा मला सांगण्यात आलं, "काही होत नाही." स्पीकरवर भजनं चालू होती आणि तीही सिनेमाच्या चालीवर.

आणखी एक नोंद माझ्या वहीत आहे, ती लिहिताना आजही लाज वाटते. सात जणींनी डोली केली. त्यातल्या दोघींना खरंच गरज होती. आजारी, वृद्ध माणसाला डोली मिळाली पाहिजे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. उरलेल्या पाच जणी बाजारात रोज मैलभर हिंडतात. या पाच जणींनी डोलीवाल्यांशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली. आणि त्याच दिवशी अभिषेकाच्या बोलीत त्यांतल्याच एकीने हजारोंचा आकडा हसत हसत बोलला. आपल्याला खांद्यावर उचलून हजारो पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या छातीचा भाता आपल्याला ऐकू येत नाही, पण बोली पुकारणाऱ्याचा आवाज लगेच ऐकू येतो. अहिंसा म्हणजे फक्त कांदा-लसूण सोडणं नव्हे, बायांनो.

आता दुसरं खातं.

यंदा सूनबाई म्हणाली, "आई, गेल्या वर्षी तुम्ही खालीच राहिलात. यंदा वर चला." मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला उशीर होईल. ती म्हणाली, "ट्रेकमध्ये सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं असतं."

हे वाक्य मला नवीन होतं. चाळीस वर्षं यात्रा करते, पण असा नियम कुठल्याही यात्रेत ऐकला नव्हता. आपल्या यात्रेत चालणाऱ्या पुढे जातात, अभिषेक गाठतात आणि उतरायला लागतात, तेव्हा मागच्या अजून पहिल्या टप्प्यावर धापा टाकत असतात. इथे एक जण सर्वांच्या पुढे आणि एक जण सर्वांच्या मागे. मागची कधीच पुढे जाणार नाही. माझ्या मागे आपल्या कापडदुकानवाल्यांची धाकटी सून होती. मी पन्नास पायऱ्यांवर बसले की तीही बसायची. एकदाही "चला काकू" म्हणाली नाही.

जेवणासाठी शेगड्या नव्हत्या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खाकरे, सगळं घरून करून आणलेलं. त्यामुळे कुणीही चुलीपाशी अडकली नाही. पाणी धर्मशाळेत गाळून उकळून प्रत्येकीच्या स्टीलच्या बाटलीत. पहाटे साडेचारला निघालो. सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत कुणी पाण्याचा घोटही घेतला नाही. त्यातल्या सगळ्यांचा तसा नियम होता असं नाही. ज्यांचा होता त्यांच्यासाठी बाकीच्या थांबल्या. प्रत्येकीकडे कापडी पिशवी. खाल्लेल्याचा कागद त्या पिशवीत. उतरताना तर आपला नसलेला कचराही उचलत आल्या. एका पिशवीत मला थर्माकोलच्या ताटल्या दिसल्या. गेल्या वर्षीच्याच होत्या असं मी शपथेवर सांगणार नाही. पण मान मात्र खाली गेली.

साडेआठच्या सुमारास मी मांगीच्या गुंफांपाशी पोचले. तिथे काय वाटलं ते लिहिता येत नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोडी घेऊन या कड्यावर आलं आणि दगडात भगवंत कोरून गेलं, त्याने नावही मागे ठेवलं नाही. मी तिथे बसून णमोकार म्हटला. सूनबाई शेजारी बसली. ती एरवी देवळात फारशी बसत नाही.

आता आक्षेपांकडे वळते, एकेक करून.

पहिला आक्षेप आमच्या एका अभ्यासू काकूंचा. त्या म्हणाल्या, "श्रावकाने निष्प्रयोजन हिंडणं म्हणजे प्रमादचर्या. अनर्थदंडात मोडतं." अगदी बरोबर. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तसं आहे. विनाकारण स्वतः हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणं, दोन्ही त्यात येतं. पण काकू, त्या यादीत हिंडणं शेवटी येतं हो! त्याआधी काय आहे? विनाकारण जमीन खणणं, पाणी वाया घालवणं, अग्नी पेटवणं, वाऱ्याचा आरंभ, झाडं-पानं तोडणं. अकरा बॉक्स बाटल्यांतलं अर्धं पाणी वाया घालवलं ते कुठल्या खात्यावर टाकू? वाळक्या गवतात शेगडी पेटवली ती? फोटोसाठी पळसाची फांदी ओरबाडून केसांत खोचली ती? यादीतली शेवटची ओळ सुनांना आणि आधीची सगळी यादी कुणालाच नाही, असं कसं चालेल? मी खातेवही लिहिते, मला असा ताळेबंद जुळवता येत नाही.

आणि पाण्याबद्दल आपण मराठवाड्यातल्या बायकांनी तरी बेपर्वा असू नये. ज्या २०१६ साली मांगीतुंगीला पंचकल्याणक झालं, त्याच वर्षी आपलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. कळंबमध्ये आपण हंडे घेऊन टँकरची वाट पाहिली. ते विसरून गेलो का? पाणी गाळून पिणं हा आपला आचार. तो एका जीवासाठी. मग अर्धी बाटली डोंगरावर फेकणं हा कुठला आचार?

दुसरा आक्षेप शिखरजीचा. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "शिखरजीसाठी आपण रस्त्यावर उतरलो ते कशासाठी? तीर्थाचं पर्यटन होऊ नये म्हणूनच ना?" हा मुद्दा वजनदार आहे, म्हणून नीट उत्तर देते.

झारखंडमधल्या पारसनाथ डोंगरावरून वीस तीर्थंकर मोक्षाला गेले. २ ऑगस्ट २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेत त्या परिसरात इको-टुरिझमची तरतूद होती. २०२२ च्या डिसेंबरात देशभर समाज उठला. गावोगावी मोर्चे निघाले, दुकानं बंद राहिली. जयपूरला मुनी सुज्ञेयसागरजींनी अन्नत्याग केला आणि ३ जानेवारी २०२३ ला त्यांचं समाधिमरण झालं. ५ जानेवारीला केंद्राने पर्यटनाच्या तरतुदीला स्थगिती दिली आणि डोंगरावर काय काय चालणार नाही त्याची यादी काटेकोर पाळायला राज्य सरकारला सांगितलं. त्या यादीत ट्रेकिंग हा शब्द आहे, हे मान्य. पण त्याच्या आधी शब्द आहे "अनधिकृत". आणि त्याच्याही आधी काय आहे? दारू आणि नशेच्या वस्तू. मोठ्याने वाजणारं संगीत, लाउडस्पीकर. पवित्र जागा, गुंफा, कातळ यांची विटंबना. झाडा-प्राण्यांना इजा आणि प्रदूषण.

लाउडस्पीकर, मैत्रिणींनो! प्रदूषण! सरकारने हे आपल्या मागणीवरून काटेकोर पाळायला सांगितलं. शिखरजीवर इतरांनी हे करू नये म्हणून आपण घोषणा दिल्या, मीही दिल्या. मग मांगीतुंगीवर आपण केलं तर ती भक्ती कशी? आणि एक गोष्ट तेव्हा आपण घाईत विसरलो, की त्या पारसनाथ डोंगराला संथाळ आदिवासी मारांग बुरू म्हणून पूजतात. डोंगर आपला आहे असं म्हणताना तो आणखी कुणाचा आहे हेही पाहिलं पाहिजे. भिलवाडच्या बायकांची गुरंढोरं मांगीतुंगीच्या पायथ्याला चरतात. आपल्या ताटल्या आणि पिशव्या शेवटी त्या जनावरांच्या पोटात जातात. घरी मुंगी मारत नाही आपण.

तिसरा आक्षेप कपड्यांचा. त्यावर फार लिहिणार नाही. अंगभर सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट आणि लांब सदरा, डोक्याला ओढणी. गुंफांत जाताना बूट बाहेर काढलेले. नऊवारी-सहावारीत पाय अडकून पायरीवर पडलेल्या किती जणी मी पाहिल्या आहेत! पूजेला, अभिषेकाला शुद्ध वस्त्र हवंच. डोंगर चढायला पाय मोकळा हवा. एवढंच.

चौथा आक्षेप "भाव नव्हता, मजा होती." हा मला सर्वांत जास्त टोचला. कुणाच्या मनात भाव किती हे मोजायचा काटा माझ्याकडे तरी नाही. आपला धर्मच पायी चालणाऱ्यांचा आहे. आपले मुनी, आर्यिका आयुष्यभर वाहनात बसत नाहीत. चार हात जमीन पाहत पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतून पायी शिखरजीला गेले, उत्तर भारत पायी फिरले आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यात, कुंथलगिरीला आले. १९५५ साली छत्तीस दिवसांची सल्लेखना होऊन १८ सप्टेंबरला तिथे त्यांची समाधी झाली. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. बैलगाडीने आणि उरलेलं पायी, चिखल तुडवत त्या दर्शनाला गेल्या होत्या. म्हातारपणीही सांगायच्या, की गर्दीत महाराज नीट दिसले नाहीत, पण चाललेली वाट अजून पायाला आठवते. त्या वाटेवर त्या गाणी म्हणत, हसत, एकमेकींची थट्टा करत गेल्या होत्या. तीही मजाच होती. त्यांना कुणी भाव विचारला नाही.

मुलींच्या चुका झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. दोघी जणी फोटोसाठी कठड्यापलीकडे गेल्या, तेव्हा माझा जीव गोळा झाला आणि मी तिथेच खडसावलं. एकीने मूर्तीकडे पाठ करून रील काढली. तिला म्हटलं, "बाळा, भगवंताला पाठ दाखवून जगाला तोंड दाखवू नये." तिने पुसून टाकली की नाही ठाऊक नाही. एक जण म्हणाली, मी देवासाठी आले नाही, फक्त डोंगर चढायला आले. मी म्हटलं, चढ. वर गेल्यावर ती सर्वांत जास्त वेळ गुंफेत उभी होती. मी काही विचारलं नाही.

चुका दोन्हीकडे आहेत. पण त्यांना सांगितलं तर त्या ऐकतात. आपल्याला सांगितलं तर आपण म्हणतो, "काही होत नाही."

आणि ठरावातली खरी गोष्ट मला कळत नाही असं नका समजू. शब्द ट्रेक असो की वंदना, खटकतंय ते हे, की चौदा जणी घरात कुणाचा डबा कोण करणार याची सोय लावून, स्वतःच्या पैशांनी, कुणाला न विचारता दोन दिवस गेल्या. आपण कधी गेलो नाही म्हणून. मला तरी कुणी कधी म्हटलं नव्हतं, की सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालू या. साठी उलटल्यावर ते एका पंचविशीतल्या मुलीने म्हटलं. हे मी ठरावात हात वर करून पुसून टाकू?

म्हणून माझं मागणं असं आहे. ठराव मागे घ्या. त्याऐवजी पुढच्या यात्रेसाठी, मंडळाची असो की मुलींची, सर्वांना एकच नियम लावा. शेगडी आणि स्पीकर वर नेणार नाही. प्लास्टिकची बाटली आणि थर्माकोलची ताटली घेणारच नाही, म्हणजे फेकण्याचा प्रश्न नाही. जेवण एक वेळ घरचं कोरडं आणि एक वेळ भोजनशाळेतलं, कुणीही बाई चुलीपाशी अडकून दर्शनाला मुकणार नाही. डोली ज्यांना गरज आहे त्यांनाच, आणि डोलीवाल्याने सांगितलेल्या भावात घासाघीस नाही. आणि मागे एक जण, शेवटच्या बाईच्याही मागे.

या नियमांचा खर्च मी काढून पाहिला. गेल्या वर्षीच्या यात्रेपेक्षा कमी येतो. वही कुणालाही दाखवायला तयार आहे.

पुढच्या महिन्यात बैठक आहे. तिथे मी हेच बोलणार आहे, या वेळी चहाच्या आधी. माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण मुद्दा मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.